ग्रीस राहिला, बुलढाणा पाहिला

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं होतं, "साहेब, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा. तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद, शिवाय बी. ए. ला तुमचा विषय इतिहासच होता." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आठ दिवसांनी निरोप पाठवला की सोसायटीचा नको, जिल्ह्याचा लिहितो. असं का केलं ते शेवटी सांगतो. आधी प्रवासाचं.

आमचा मुलगा जर्मनीत असतो. मागे एका उन्हाळ्यात ती मंडळी ग्रीसला गेली. अथेन्सच्या विमानतळावरच भाड्याची गाडी घेतली आणि दहा दिवस स्वतः चालवत फिरली. मायसिनीच्या सिंहद्वारासमोरून त्याने व्हिडिओ कॉल केला. "बाबा, तुम्ही कॉलेजात वाचलं होतं ना, तेच हे." दगडी चौकट, तिच्यावर समोरासमोर उभे दोन सिंह. परीक्षेत मी यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती. पुढच्या वर्षी आम्हा दोघांना घेऊन जायचं त्याने पक्कं केलं होतं. पण सौ. चे दोन्ही गुडघे, माझा रक्तदाब आणि व्हिसाची कागदपत्रं यांत ते वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी सौ. म्हणाली, "अहो, ग्रीसचं राहू द्या. लोणारचं देऊळ तरी मी कुठे नीट पाहिलंय?"

तिचं म्हणणं खरं होतं. बँकेच्या नोकरीत जिल्ह्यातली बहुतेक तालुक्याची गावं माझ्या पायाखालून गेली. पीककर्जाची वसुली, विहिरीच्या कर्जाची पाहणी, कधी एस.टी.ने, कधी सायकलच्या कॅरिअरवर बसून. देवळं वाटेत लागायची, पण लक्ष तारण दिलेल्या बैलजोडीकडे असायचं. म्हणून डिसेंबरात, थंडी पडल्यावर, आम्ही दोघं आणि शेजारचे निवृत्त गुरुजी व वहिनी असे चौघं माझ्या गाडीतून निघालो. गाडी मीच चालवली. माझ्या लायसन्सचं नूतनीकरण जवळ आलं आहे आणि मुलाने फर्मान काढलं आहे की आता पुरे. म्हणजे एवढा मोठा प्रवास स्वतः गाडी चालवत हा बहुधा शेवटचा.

निघताना एक नियम केला. बँकेत व्हाउचर असल्याशिवाय खात्यात नोंद होत नाही. इतिहासातही तसंच करायचं. शिलालेख, बखर, सरकारी कागद, खोदकामात निघालेली वस्तू ही व्हाउचरं. बाकी ऐकीव गोष्टी ऐकायच्या जरूर, पण त्या वेगळ्या वहीत लिहायच्या. गुरुजींनी लगेच दोन वह्या घेतल्या.

पहिल्या दिवशी राजूर घाट उतरून रोहिणखेडला गेलो. आपलं बुलढाणा घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर. खाली मलकापूर-नांदुऱ्याची सपाटी, पुढे खानदेश आणि बऱ्हाणपूर. उत्तरेकडून दख्खनेत येणाऱ्या फौजांना कुठेतरी ही डोंगराची भिंत चढावी लागे आणि रोहिणखेड नेमकं घाटाच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे या लहानशा गावाने दोन मोठ्या लढाया पाहिल्या.

पहिली १४३७ ची. खानदेशचा नासिरखान फारुकी याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाला दिलेली होती. सुलतानाचा ओढा संगमेश्वरच्या राजाच्या मुलीकडे वळला. मुलीने माहेरी गाऱ्हाणं केलं आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात उतरला. बहमनी सरदार खलफ हसन याने रोहिणखेडला त्याचा पराभव केला आणि पार बऱ्हाणपूरपर्यंत पिटाळलं. हे ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे सासर-माहेरचं भांडण आपल्या जिल्ह्यात येऊन मिटवलं म्हणायचं." वहिनी हसल्या. पण ट्रॉयचं युद्धसुद्धा एका हेलनवरूनच पेटलं असं ग्रीक सांगतात. तिकडे महाकाव्य झालं. इकडे आपल्याला गावाचं नावसुद्धा आठवत नाही.

दुसरी लढाई १५९१ ची. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल हा लहान मुलगा होता आणि कारभार जमालखानाच्या हाती. मुलाचा बाप बुऱ्हाण हा खानदेशच्या राजे अलीखानाची मदत घेऊन आला. रोहिणखेडजवळ जमालखान मारला गेला, मुलगा खाली उतरला आणि बाप गादीवर बसला. गावातली जुनी मशीद या लढाईच्या आधीची, १५८२ ची. खुदावंदखान महदवी याने ती बांधली. तिच्यावर शिलालेख आहे, म्हणजे व्हाउचर पक्कं. दगडावरचं काम बारीक आणि सुबक. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बुवांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" बुलढाण्याचे म्हटल्यावर ते म्हणाले, "इतक्या जवळून कोणी येत नाही. आले तर लांबूनच येतात." मी काही बोललो नाही. मला या वयात पहिल्यांदाच यायला सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिखलीवरून सिंदखेडराजा. चिखली तालुक्यात सातगाव भुसारी आणि साकेगाव इथे हेमाडपंती देवळं आहेत. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला देवगिरीच्या यादवांचा मंत्री. चुना न वापरता दगडात दगड अडकवून उभी केलेली सगळीच देवळं लोक त्याच्या नावावर टाकतात, त्याच्या आधीची असली तरी. बँकेत याला चुकीच्या खात्यात जमा म्हणतात, पण आठशे वर्षांनी दुरुस्ती कोण करणार!

सिंदखेडराजाला मी नोकरीत तीन वर्षं काढली. हे सांगताना आज संकोच वाटतो. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथे लखुजीराव जाधवांच्या वाड्यात झाला, एवढं मला माहीत होतं. १२ जानेवारीच्या गर्दीत मीही दर्शन घ्यायचो. पण लखुजीरावांच्या समाधीकडे मी कधी नीट वळलो नव्हतो. या वेळी तासभर तिथे थांबलो. केवढी भव्य समाधी आहे ती!

२५ जुलै १६२९ रोजी निजामशहाने लखुजीरावांना दौलताबादच्या किल्ल्यात दरबारात बोलावून मुलं आणि नातवासह ठार केलं. आता तारखा शेजारी मांडून बघा. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे माहेरची माणसं एका दिवसात गेल्याची बातमी आली तेव्हा जिजाऊंच्या पोटात शिवबा होते. शाळेत या दोन तारखा आम्हाला दोन वेगळ्या धड्यांत शिकवल्या. मीही त्या वेगवेगळ्याच पाठ केल्या. समाधीच्या सावलीत बसून गुरुजींनी वहीत त्या एकाखाली एक लिहिल्या आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी सौ. म्हणाली, "आई गरोदर असताना असं ऐकलं तर त्या बाईने काय केलं असेल हो?" याचं व्हाउचर कुठेच मिळणार नाही. पण पुढे त्या माउलीने काय केलं ते सगळा महाराष्ट्र जाणतो.

याच समाधीच्या जतनाचं काम चालू असताना २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली एका शिवमंदिराचा पाया लागला. आणखी खोल गेल्यावर सव्वादोन मीटरवर शेषशायी विष्णूचं अखंड दगडातलं शिल्प निघालं. सुमारे पावणेदोन मीटर लांब आणि मीटरभर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा देखावा. गुरुजींनी वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवलं होतं, ते त्यांनी तिथे उभं राहून वाचून दाखवलं.

मला ग्रीसमधलं डेल्फी आठवलं. अपोलोच्या त्या प्रसिद्ध देवळावर कास्त्री नावाचं गाव वसलं होतं. १८९२ मध्ये फ्रेंचांनी मोठं खोदकाम सुरू केलं त्यासाठी अख्खं गाव उचलून बाजूला वसवावं लागलं. मायसिनीलाही १८७६ मध्ये श्लीमानने खणलं तेव्हा जमिनीखाली राजांच्या कबरी आणि सोन्याचे मुखवटे निघाले. आपल्या गावांखाली काय आहे कोण जाणे. तीन वर्षं मी ज्या जमिनीवरून डबा घेऊन बँकेत जायचो तिच्याखाली विष्णू झोपलेले होते!

संध्याकाळी नीळकंठेश्वराचं दर्शन घेतलं, पुतळा बारव पाहिली, मोती तलावाच्या काठावर चहा घेतला. पूर्वीच्या लोकांनी पाण्याची सोय आधी केली आणि मग वाडे बांधले. आपल्या सोसायटीत उलट झालं. घरं आधी आणि बोअर नंतर. पहिल्या दोन उन्हाळ्यांतले टँकर जुन्या मंडळींना आठवत असतील.

तिसऱ्या दिवशी साखरखेर्डा. रस्त्यात समृद्धी महामार्ग लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेडराजा ही नावं निळ्या-हिरव्या पाट्यांवर आली. गाड्या सुसाट जातात. थांबत कोणी नाही.

साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये जी लढाई झाली तिने दक्षिणेचा नकाशा बदलला. दिल्लीच्या बादशहाने निजामुल्मुल्काला बाजूला सारून दक्षिणेची सुभेदारी मुबारिजखानाला दिली होती. निजाम ऐकेना. दोघांची गाठ इथे पडली, मराठ्यांची मदत निजामाकडे होती आणि मुबारिजखान मारला गेला. त्या दिवसापासून निजाम नावाला सुभेदार आणि प्रत्यक्षात स्वतंत्र राजा झाला. त्याने गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. ही आसफजाही राजवट सप्टेंबर १९४८ पर्यंत चालली. २२४ वर्षं! आपला वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात गेला, शेजारचा मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला. आजही बुलढाण्याच्या आणि जालन्याच्या माणसाच्या बोलण्यात जो फरक लागतो त्याचं थोडं मूळ या गावच्या शिवारात आहे.

आम्ही गावात चौकशी केली. एका तरुणाने शेताकडे हात दाखवला. "लढाई झाली म्हणतात बा, पण पाहायला काही नाही तिथं. सोयाबीन निघून गेली, आता हरभरा हाये." आम्हाला तरी रणांगणाचा दगड किंवा पाटी कुठे दिसली नाही. मुलाने ग्रीसमध्ये थर्मोपिलीचा फोटो पाठवला होता. इ. स. पू. ४८० मध्ये लिओनिडासने पर्शियन फौज जिथे अडवली ती खिंड. समुद्र आता तिथून कित्येक किलोमीटर मागे सरकला आहे, खिंड अशी राहिलीच नाही, शेजारून हमरस्ता जातो. पण १९५५ मध्ये रस्त्याच्या कडेला त्यांनी लिओनिडासचा पुतळा उभा केला. म्हणून गाड्या थांबतात, मुलं खाली उतरतात, बाप सांगतो. पाहण्यासारखं तिथेही फार काही उरलेलं नाही. सांगायला निमित्त मात्र ठेवलं आहे. हरभऱ्याच्या त्या शेताच्या बांधावर आम्ही उभे राहिलो आणि गुरुजींनी आम्हा तिघांचाच वर्ग घेतला.

दुपारी मेहकर. पैनगंगा इथे चांगली रुंद आहे. बुलढाण्याजवळ मढच्या बुधनेश्वराला उगम पावते तेव्हा ती ओहोळाएवढी असते. शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ मध्ये इथे खोदकामात सापडली. सुमारे ११ फूट उंच, काळ्या पाषाणाची, चेहऱ्यावर इतका शांत भाव की मान वर करून बघतच राहावं. ही मूर्ती इंग्रज लंडनला नेतील या धास्तीने गावकऱ्यांनी घाईने तिची स्थापना केली असं सांगतात. कंचनीच्या महालाचीही गोष्ट ऐकली. लोणारच्या देवळातला दिवा दिसेल एवढा उंच महाल तिला बांधायचा होता म्हणे. दोन्ही गोष्टी गुरुजींनी दुसऱ्या वहीत लिहिल्या. मी मात्र म्हटलं, ही वही फेकू नका. श्लीमानही होमरच्या गोष्टी खऱ्या मानूनच खणायला निघाला होता.

मुक्काम लोणारला. विवराबद्दल आपण सगळे जाणतोच. बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटर खोल. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. आधी सगळे ते ज्वालामुखीचं मुख समजत. १९७० च्या दशकात आघाताचे भक्कम पुरावे मिळाले. वयाबद्दल मात्र शास्त्रज्ञांचे दोन हिशेब आहेत. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन ऑडिटरनी दोन शिल्लक काढाव्यात तसं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाने लोणारचं नाव घेतलं आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं.

मला आवडलेली नोंद वेगळी आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लोणारबद्दल लिहिताना काच आणि साबण करण्यासाठी लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगलं उत्पन्न येतं असं नोंदवलं आहे. ज्या तळ्याकडे आपण चमत्कार म्हणून बघतो त्याच्याकडे तो वसुलीच्या नजरेने बघत होता. मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

सकाळी दैत्यसूदनाच्या देवळात गेलो. लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू, बाहेरच्या भिंतींवर कोनामागे कोन काढत गेलेली मांडणी आणि वर छतावर कोरीव काम. सौ. जोत्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "झालं माझं ग्रीस." विवरात खाली कमळजा देवीपर्यंत मात्र गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. वरूनच हात जोडले.

एक ठिकाण राहिलं, ते पुढच्यासाठी. धाड ओलांडून जालना जिल्ह्यात शिरलं की भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत या गावच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. १९७३ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची स्त्रीमूर्ती निघाली. अगदी त्याच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली होती. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे त्याआधीच आपल्या शेजारचा माल तिथे पोचला होता. त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पुस्तकात पैठण आणि तेरची नावं आहेत आणि तिथला माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भडोचला येतो असं त्याने लिहून ठेवलं आहे. कार्ल्याच्या लेण्यात तर दान देणाऱ्या यवनांची नावं खांबांवर आहेत. म्हणजे आपण ग्रीसला गेलो नाही तरी ग्रीक आपल्याकडे येऊन गेले होते, आणि जाताना लिहून गेले.

आता सुरुवातीला जे सांगायचं राहिलं ते सांगतो.

सोसायटीचा इतिहास मी लिहू शकलो नाही, कारण आपल्या पहिल्या तीन वर्षांचं इतिवृत्ताचं पुस्तक सापडत नाही. त्या काळात मी सचिव होतो. ते पुस्तक माझ्या घरी होतं. नंतर घराला रंग दिला तेव्हा रद्दीबरोबर ते गेलं असावं. कोणी चोरलं नाही, आग लागली नाही, फौज आली नाही. माझ्या हातून गेलं. जन्मभर लोकांना व्हाउचर मागणाऱ्या माणसाकडून हे झालं आणि मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं की "असेल कुठेतरी" म्हणायचो.

त्यात काय होतं? जागेचा पहिला ठराव, वर्गणीसाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवणाऱ्या सभासदाची नोंद, पहिल्या बोअरला पाणी लागलं त्या दिवसाचा मजकूर. त्या सभेला हजर असलेल्यांपैकी निम्मी माणसं आज नाहीत. त्यांची नातवंडं आपल्या आवारात सायकल चालवतात. साखरखेर्ड्याच्या बांधावर उभा असताना मला त्या पुस्तकाची आठवण झाली. पाटी का नाही म्हणून मी गावाला मनातल्या मनात बोल लावत होतो, आणि पंचवीस वर्षांचा हिशेब माझ्याकडून राखला गेला नव्हता.

म्हणून सर्व सभासदांना विनंती. आपापल्या कपाटात, ट्रंकेत, देवघराच्या खणात बघा. भरणा केलेल्या जुन्या पावत्या, सभेच्या नोटिसा, भूमिपूजनाचे फोटो, टँकरच्या बिलाचा कागद, काहीही चालेल. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या कार्यालयात बसणार आहे. गुरुजीही येतील, दोन्ही वह्या घेऊन. कागद असेल तर पहिल्या वहीत, नुसती आठवण असेल तर दुसऱ्या वहीत. कागदाची प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल, आणि त्याची पोच मी सहीनिशी देईन.